पोटातला कंडक्टर

एका गोल चकतीत भरलेलं पाणी.

बस वरून गेली की दोनदा वाजणारा पुलाचा सांधा.

"तिकीट घेतलं का?" असं आपल्याच मुलीला विचारणारा बाप.

मधोमध भोक असलेली गादी.

न घेतलेल्या रजा.

फ्रीज नाही, घड्याळ नाही, मग वाजतंय तरी काय?

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, असं तुम्हाला वाटेल. पण त्या सगळ्या माझ्या पोटात आहेत. आणि त्यांतल्या बहुतेक माझ्या पोटात गेल्या तेव्हा मी स्वतः दुसऱ्याच्या पोटात होतो.

मी एक पंप आहे. विहिरीवरचा नाही, सायकलचा नाही, स्टोव्हचा तर नाहीच. तळहातावर मावेन एवढा, चकतीसारखा गोल आहे. टायटॅनियम नावाच्या न गंजणाऱ्या, हलक्या धातूचा. तसा मी फार जुना नाही, माझी बॅटरीसुद्धा अजून चालू आहे. पण ज्याच्यासाठी मला बसवलं तो माणूस आता नाही, आणि माणूस गेला की वस्तू एका दिवसात जुनी होते.

मला डोळे नाहीत. तेव्हा मी सांगेन ते सगळं ऐकलेलं आणि अंगाला जाणवलेलं असेल. चालवून घ्या.

*

माझा जन्म एका खोलीत झाला. तिथे धूळ येऊ देत नाहीत आणि मोठ्याने बोलत नाहीत. हातमोजे घातलेल्या बोटांनी मला जोडलं. माझ्या आत एक छोटी टाकी बसवली. टाकीच्या तोंडाशी रबराचं बूच बसवलं. माणसाच्या कातडीवरून सुई टोचली की ती थेट त्या बुचातून आत येते आणि टाकी भरते. माझ्या कडेला एक बारीक नळी लागते, दोऱ्याहून जराशी जाड. ती कातडीखालून कुशीला वळसा घालून पाठीत जाते आणि कण्याच्या आत जे पाणी असतं त्यात उतरते. अंगातलं दुखणं डोक्याकडे निघतं ते त्याच वाटेने. मी त्या वाटेवर थेंब थेंब औषध सोडत राहायचं. बस, एवढंच माझं काम.

गोळीचं तसं नसतं. गोळी पोटात जाते, रक्तात उतरते, सगळ्या अंगात हिंडते आणि उरलीसुरली दुखण्यापाशी पोचते. मी मात्र औषध थेट दारात नेऊन देतो. म्हणून मला ते फार थोडं लागतं.

तपासणीसाठी माझ्यात शुद्ध पाणी भरलं. ते नीट चाललं तेव्हा एका बाईने मला बोटाने टिचकी मारली. "जा बाबा," ती म्हणाली, "कुणाच्या तरी कामाला ये." मग खोक्याचं झाकण बंद झालं.

खोक्यात मी किती काळ होतो कोण जाणे. शेजारी आणखी खोकी होती, त्यांत माझ्यासारखेच पंप होते. आम्ही एकमेकांना हाक मारू शकत नव्हतो. मला आवाज म्हणून एकच येतो, बारीक शिटी, आणि तीही औषध संपत आल्यावर किंवा मी बिघडल्यावर. औषध अजून आलंच नव्हतं आणि मी बिघडलोही नव्हतो, म्हणून गप्प होतो.

*

तो बस चालवायचा. निवृत्त झाला आणि वर्षही नीट उलटलं नाही तोच त्याच्या कंबरेखाली, बैठकीच्या हाडापाशी कॅन्सरची गाठ निघाली. ती अशा जागी होती की काढता येईना, आणि ती तिथल्या नसांवर ठाण मांडून बसली. तो उभा राहिला तर सोसवायचं. आडवा झाला तर या कुशीवरून त्या कुशीवर निभायचं. पण बसता यायचं नाही.

"जन्मभर बसून पगार खाल्ला," तो म्हणायचा, "आता वसुली चाललीय."

त्याला मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या. दुखणं वाढलं तशा गोळ्या वाढवल्या, आणि गोळ्या वाढल्या तसा तो हरवत गेला. दिवसाढवळ्या झोपायचा. डोळे उघडले तरी जागा नसायचा, बाजारपेठ, जुनी शाळा, पूल, पाण्याची टाकी असे थांबे पुटपुटत राहायचा. एकदा त्याची मुलगी पाणी घेऊन आली तर तिच्याकडे बघून म्हणाला, "तिकीट घेतलं का?"

ती म्हणाली, "घेतलं." आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

हे मी पाहिलेलं नाही. त्याच्या बायकोने दवाखान्यात सांगितलं तेव्हा ऐकलं. मी त्या वेळी टेबलावर होतो, खोक्यातून नुकताच बाहेर आलेला. समोर जी डॉक्टर होती ती फक्त दुखण्यावर उपचार करायची. घरातले सगळे तिला 'दुखण्याच्या बाई' म्हणत. बाईंनी आधी त्याच्या पाठीत एक इंजेक्शन देऊन पाहिलं होतं. त्या दुपारी तो किती तरी दिवसांनी खुर्चीत बसला आणि त्याने बायकोला नाव घेऊन हाक मारली.

"हेच औषध आपण आतून देऊ," बाई म्हणाल्या. "गाठ जाणार नाही. ते मी कबूल करत नाही. पण तुम्ही घरात परत याल."

*

बेंबीच्या बाजूला, कातडीच्या खाली माझी जागा झाली. तिथे ऊब होती. एका बाजूने जेवणाचे आवाज, वरून श्वास, लांबून हृदय. मी थेंब टाकायला लागलो.

गोळ्या कमी होत गेल्या आणि तो खरंच परत आला. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून त्यातल्या चुका काढू लागला. बायकोने भाजी खारट केली हे त्याला पुन्हा कळू लागलं.

"त्यापेक्षा तुम्ही झोपलेले बरे होतात," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात हसू होतं, पोटातूनसुद्धा ऐकू आलं.

त्याने माझं नाव ठेवलं, कंडक्टर. "मी गाडी चालवणार, हा मागून घंटी देणार," असं तो आल्यागेल्याला सांगायचा आणि सदऱ्यावरून माझ्यावर थाप मारायचा. ती थाप मला आवडायची. पण मित्रांनो, खरं सांगू? मी त्याच्या इतका जवळ होतो की त्याहून जवळ कुणी असू शकत नाही, आणि तरी एकटाच होतो. ज्या दुखण्यासाठी मला आणलं त्याला मी एकदाही भेटलो नाही. ते पलीकडे कुठेतरी असायचं. मी दाराखालून औषध सरकवत राहायचो. आत काय चाललंय हे मला फक्त त्याच्या पोटाच्या स्नायूंवरून कळायचं. ते सैल असले तर बरं. दगडासारखे झाले तर नाही.

*

आता मुलीबद्दल सांगतो. तिला घरी 'ठकी' म्हणत. ठकी बसची चालक झाली होती. बापाच्याच डेपोत, आणि योगायोग म्हणा की साहेबांचं मन म्हणा, बापाच्याच मार्गावर.

त्या डेपोत पूर्वी एक रीत होती. नवा चालक पहिल्यांदा मार्गावर निघाला की एखादा जुना चालक त्याच्या मागच्या एकट्या सीटवर बसून जायचा. त्याने तोंडातून अक्षर काढायचं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत तो बसून राहिला तर नवा पास. मधेच उतरला तर नापास, पुन्हा डेपोच्या आवारात गोल गोल फिरायला जायचं. कारण विचारायचं नाही, उतरला हेच कारण. किती तरी वर्षं ती सीट ठकीच्या बापाची होती, आणि त्याच्या उतरण्याला सगळा डेपो टरकून असायचा.

आता ही रीत उरली नव्हती. परीक्षा संगणकावर होत होती आणि ठकी ती चांगल्या गुणांनी पास झाली होती.

"ते सगळं ठीक आहे," ती त्याला म्हणाली, "पण तुम्ही मागे बसल्याशिवाय मी काही पास नाही."

"मी मधेच उतरलो तर?"

"तर पुन्हा ट्रेनिंगला जाईन. तुमचं तोंड बघत बसणार नाही."

"बापाची भीड धरू नकोस हं."

"तुम्ही पोरीची धरू नका म्हणजे झालं."

तो हसला. माझ्याभोवतीचं सगळं हललं. पण मला ठाऊक होतं की तो मार्ग मोठा आहे आणि खुर्चीत तो चहा संपेपर्यंतही कसाबसा बसतो. त्या दिवसापासून त्याला जगात एकच गोष्ट हवी होती. शेवटच्या थांब्यापर्यंत बसून जाणं.

*

आणि इथे एक चूक झाली. अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

मला बसवल्यावर सिस्टरने त्याला एक छोटा रिमोट दिला होता. "पंप आपोआप औषध देत राहील," ती म्हणाली होती. "त्यावरही दुखलं तर हा रिमोट पंपावर धरून बटण दाबायचं. जास्तीचा डोस मिळेल. एकदा घेतला की काही तास पुन्हा मिळणार नाही. आणि दिवसाला ठरावीकच."

"म्हणजे कोटा आहे," तो म्हणाला.

"कोटाच म्हणा," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या रुग्णाकडे गेली.

मित्रांनो, या माणसाने नोकरीत रजा घेतलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. ताप असो, लग्नकार्य असो, हा गाडीवर. न घेतलेली रजा पुढच्या वर्षात जाते, साठत राहते, आणि अडीअडचणीला एकदम उपयोगी पडते, हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं. कोटा म्हटल्यावर त्याला रजाच आठवली.

मग तो डोस साठवायला लागला.

दुखायला लागलं की माझ्याभोवती दगड व्हायचा. मी वाट बघायचो. आता रिमोट टेकेल, आता टेकेल. तो रिमोट हातात घ्यायचासुद्धा, आणि टीव्हीच्या रिमोटशेजारी परत ठेवून द्यायचा. "राहू दे कंडक्टर," हळूच म्हणायचा, "आजचा राहू दे शिल्लक. त्या दिवशी सगळे एकदम घेऊ."

माझ्याकडे शिल्लक नावाचं काही नव्हतं. आजचा न घेतलेला डोस आजच विरून जात होता, त्याचं उद्या काही उरत नव्हतं. आणि ते बरंच होतं, कारण सगळे एकदम मिळाले असते तर त्याचा श्वास थांबला असता. मला हे माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. आणि आमच्या दोघांमध्ये फक्त कातडी होती.

औषध भरपूर होतं. मी बिघडलोही नव्हतो. म्हणून मी गप्प होतो.

"दुखतंय का हो?" बायको विचारायची.

"छे," तो म्हणायचा. "कंडक्टर जागा आहे."

*

तो दिवस.

बायको सोबत येते म्हणत होती. "बसमध्ये पोरगी आहे, पोटात कंडक्टर आहे, आणखी किती माणसं नेऊ?" असं म्हणून त्याने तिला घरी बसवलं. इस्त्रीचा सदरा घातला. मधोमध भोक असलेली गादी काखेत मारली. कातडीखाली मलाही कळलं की तो ताठ चालतोय, डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या साहेबासारखा.

दरवाजा फुसकन उघडला. त्याने एकट्या सीटवर गादी ठेवली आणि बसला. रिमोट टेकला. मी लगेच डोस दिला. इतक्या दिवसांनी त्याने मला काहीतरी मागितलं होतं.

कंडक्टरने, म्हणजे बसच्या खऱ्या कंडक्टरने, डबल घंटी दिली. ठकीने गाडी सोडली.

मी रस्ता पाहिला नाही, पण तो मला तोंडपाठ झाला. बाजारपेठेत आम्ही सावकाश गेलो, हमालांच्या हाका खिडकीतून येत होत्या. शाळेपाशी डावीकडे कललो. पुलाच्या चढाला इंजिनाचा आवाज जड झाला. तो एकही शब्द बोलला नाही, रीतच तशी होती. त्याचे स्नायू सैल होते आणि मला वाटलं, जमतंय.

पुलाला मधोमध एक लोखंडी सांधा आहे. पुढची चाकं गेली, धप्. मागची चाकं गेली, धप्.

दुसऱ्या धक्क्याला माझ्याभोवती सगळं दगड झालं.

त्याने रिमोट टेकला. बटण दाबलं. मी काही देऊ शकत नव्हतो, आधीच्या डोसला फार वेळ झाला नव्हता. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा. रिमोट माझ्यावर आपटत होता. "साठलेत ना रे?" तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "एवढे साठलेत. दे की."

दुखणं दाराच्या पलीकडे होतं आणि मी दाराच्या अलीकडे. आम्हा दोघांतलं कुणीच काही करू शकत नव्हतं.

पूल संपल्यावर जो थांबा येतो तिथे तो उठला आणि उतरला.

दरवाजा फुसकन बंद झाला. डबल घंटी झाली, पण गाडी लगेच हलली नाही. मग हलली. इंजिनाचा आवाज लांब लांब जात संपला. तो फुटपाथवर एका खांबाला धरून उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, "काका, बसा इथे कठड्यावर." तो म्हणाला, "नको. उभाच बरा आहे."

*

"पुलाच्या आधी माझं काय चुकलं?" घरी आल्यावर ठकीने विचारलं. अजून बूटही काढले नव्हते, फरशीवर वाजत होते.

"काही नाही."

"मग उतरलात का?"

"एक काम आठवलं."

"पुलावर?"

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "कारण विचारायचं नाही, माहितीय मला. उद्या साहेबांना सांगते, पुन्हा ट्रेनिंगला घाला म्हणून." आणि तिच्या खोलीचं दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

एका वाक्याने सगळं मिटलं असतं. 'दुखलं गं.' पण ते वाक्य त्याने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, आणि नेमकं त्या दिवशी ते त्याला सापडेना. शिवाय दुखलं म्हटलं तर परत कुणी बसमध्ये बसू देणार नाही, ही धास्ती होतीच.

सकाळी तो मोरीत उभा राहून माझ्यावर उखडला. "सगळे कुठे घातलेस? खाल्लेस?"

"कुणाशी बोलताय?" दारातून बायकोचा आवाज आला.

"याच्याशी. इतके दिवस सोसून डोस साठवले, आणि ऐन वेळेला याने एक देऊन हात वर केले."

बायको दारातून आत आली. मग म्हणाली, "साठवले? म्हणजे इतके दिवस तुम्ही दाबतच नव्हतात?"

"कोटा आहे ना. सिस्टर म्हणाली."

"अहो, ती काय तुमची रजा आहे?" ती हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली, आणि मग तिचं हसणं बदललं. "म्हणजे रोज छे छे म्हणत होतात तेव्हा दुखत होतं? माझ्या शेजारी बसून?"

"बसून नाही," तो म्हणाला. "उभा होतो."

"ठके!" ती ओरडली. "गणवेश नंतर चढव. आधी इकडे ये आणि तुझ्या बापाची अक्कल बघ."

ठकी आली, तिने ऐकून घेतलं. गळणारा नळ घट्ट बंद केला. मग ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी नापास नाही?"

"तुझा निकाल लागायचाय," तो म्हणाला. "परीक्षकच नापास झाला."

*

दुखण्याच्या बाई रागावल्या नाहीत. "रजा साठते, हे साठत नाही," त्या म्हणाल्या. "रात्र झाली की आजचं संपलं. आणि सोसल्याबद्दल इथे कुणी बिल्ला देत नाही, काका. तुम्ही बटण किती वेळा दाबता हे बघून मी ठरवते, पंपाचं रोजचं औषध पुरतंय की नाही. तुम्ही दाबलंच नाहीत. मला वाटलं, सगळं छान चाललंय."

सिस्टर हळूच म्हणाली, "कोटा मीच म्हणाले होते."

बाईंनी माझ्यावर एक यंत्र धरलं आणि माझा वेग वाढवला. मग समजावलं, "दुखेपर्यंत थांबायचं नाही. पूल येणार हे माहीत आहे ना? मग पुलाच्या आधी दाबायचं. घाट लागायच्या आधीच गिअर बदलता की नाही?"

"हे आधी सांगितलं असतंत तर!" तो म्हणाला. आपल्या भाषेत कुणी बोललं की माणसाला पटतं.

दुसऱ्या फेरीला तो पहिल्यासारखा ताठ नव्हता. मधल्या दिवसांत गाठीने हातपाय पसरले होते. बायकोने एका बाजूने धरलं, खऱ्या कंडक्टरने दुसऱ्या बाजूने. बाजारपेठ गेली, शाळेपाशी डावीकडे कललो. पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर त्याने रीत मोडली आणि तोंड उघडलं.

"ठके, जरा थांब. दाबतोय."

"चालकाशी बोलू नका असं लिहिलंय तिथे," ती समोर बघत म्हणाली. आणि थांबली.

रिमोट टेकला. मी डोस दिला. तो मुरायला थोडा वेळ लागतो. मागून कुणीतरी कुरकुरलं, "काय झालं हो, का थांबलीय?" कंडक्टर म्हणाला, "टायर बघताहेत." सगळ्या बसने टायरसाठी वाट बघितली. आणि हळूहळू माझ्याभोवतीचा दगड मऊ झाला.

"हं," तो म्हणाला.

धप्. धप्. पूल गेला. त्यापुढचा रस्ता माझ्यासाठी नवा होता. पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे एक लांब वळण, मग उतार, मग शेवटचा थांबा. इंजिन बंद झालं. सगळे उतरून गेले तरी तो बसून होता. ठकी मागे वळून बघत असावी, कारण तिचा श्वास जवळ आला होता. त्याने हात लांब केला आणि तिच्या पाठीमागच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं, टक् टक्. डबल घंटी.

*

त्यानंतर एकदा मी बोललो. माझी टाकी भरायची तारीख ठकीच्या ड्यूटीमुळे पुढे गेली होती आणि औषध तळाला आलं होतं, म्हणून मी शिटी दिली. घरात एकच धांदल. फ्रीज उघडला, घड्याळ उतरवलं, कपडे धुण्याच्या मशीनची वायर काढली.

"वाजतंय तरी काय?"

बायको आवाजाच्या मागे मागे फिरत त्याच्या पलंगापाशी आली. वाकली. त्याच्या पोटावर कान ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा कंडक्टर बोलावतोय."

तेवढं एकदाच. माझ्यावर कुणीतरी कान ठेवला ते तेवढं एकदाच.

*

तो जागा असतानाच गेला. ठकीला पुलाच्या डागडुजीबद्दल काहीतरी सांगत होता. त्याचं पोट सैल होतं.

मित्रांनो, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणार कसं? मी थेंब टाकतच राहिलो. वरचा श्वास थांबला, लांबचं हृदय थांबलं, ऊब जायला लागली, आणि मी थेंब टाकत राहिलो. आता दाराच्या पलीकडे कुणी नव्हतं. सिस्टर आली, तिने यंत्र धरून मला थांबवलं, तेव्हा मला समजलं.

दहनाआधी मला बाहेर काढावं लागतं, नाहीतर आगीत मी फुटतो. काढायच्या आधी त्याच्या बायकोने डॉक्टरांना विचारलं, "त्यांना दुखणार नाही ना?" कुणी हसलं नाही.

आता मी दवाखान्याच्या एका खोलीत कपाटात असतो. नव्या सिस्टर माझ्यावर सुई टोचायला शिकतात. मला एका फोमच्या तुकड्याखाली ठेवतात आणि त्या बूच शोधतात. पुष्कळदा चुकतात. माझ्यात पुन्हा पाणी आहे. पाणी संपत आलं की मी शिटी देतो, कुणीतरी बटण दाबून मला गप्प करतं आणि दिवा मालवून जातं. कपाटात ऊब नाही. हृदय नाही. फोमला स्नायू नसतात, त्यामुळे तो कधी दगड होत नाही आणि कधी सैलही होत नाही.

मला मिळालेली एकच शिकवण सांगतो आणि थांबतो. तुमच्या घरात कुणाला दुखत असेल तर 'दुखतंय का?' असं एकदा विचारून उत्तरावर विश्वास ठेवू नका. मोठी माणसं छे म्हणतात. त्यांच्याजवळ बसा. त्यांचं पोट दगड झालंय का ते बघा. आणि कधी तुमचं तुम्हाला दुखलं, तर ते साठवू नका. ज्याने औषध द्यायचं तो कदाचित अगदी जवळ असेल, वाटच बघत असेल, आणि त्याला बोलता येत नसेल. बटण तुम्हालाच दाबावं लागतं.

आणि हो, पुलाच्या आधी काय चुकलं असं ठकीने विचारलं होतं ना? पहिल्या फेरीत, डेपोपासून पुलापर्यंत, तिने एकदाही जोरात ब्रेक लावला नव्हता.